खारबांध आणि समाजवाद

समाजवादी अर्थव्यवस्थेला एकजिनसी समाज लागतोच का? सामायिक श्रमाचं उदाहरण म्हणून पेण-रोह्याचा खाडीकाठ पाहा. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्याच भातशेतीत घुसतं, आणि जमीन पुढची काही वर्षं नापीक. म्हणून शेतकरी ‘जोळ’ पद्धतीने एकत्र राबून बांध राखत. या खारेपाट पट्ट्यात बहुसंख्य लोक एकाच आगरी समाजाचे, म्हणून हे जमलं म्हणावं? मग १९४८च्या खारभूमी कायद्यानंतर बांध हळूहळू सरकारी खात्याकडे गेले, माणसं तीच राहिली, तरी जोळ का विरली? सामायिक संपत्तीच्या अशाच व्यवस्था अभ्यासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यांना टिकाऊ व्यवस्थांत काय दिसलं? नियम गावाचे, देखरेख गावाची, चुकाराला दंड. संस्कृती एक असली तर काम सोपं होतं, इतकंच. जोळ विरली ती गावाच्या हातून बांधाचा कारभार गेल्यामुळे, असं माझं मत.