हॉरर क्लासिक्स (५० चित्रपटांचा संच)

हॉरर क्लासिक्स हा मिल क्रीक एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विक्रीस आणलेला ५० जुन्या भयपटांचा डीव्हीडी-संच होय. एका नव्या चित्रपटाच्या तबकडीस जेवढे पैसे पडत, साधारण तेवढ्यातच हे पन्नास चित्रपट मिळत. त्यांतील बहुसंख्य चित्रपट १९३० ते १९७० या काळातील अल्पखर्ची निर्मिती असून थोडे मूकपटही आहेत. भयपटांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवलेल्या कृती आणि अक्षरशः हास्यास्पद ठरलेल्या कृती येथे शेजारी शेजारी आढळतात.

निवडीमागील कारण

हे चित्रपट एकत्र येण्याचे कारण अभिरुची नसून कायदा आहे. अमेरिकेत त्या काळी प्रताधिकार मिळवण्यासाठी प्रत्येक प्रतीवर तशी सूचना छापणे बंधनकारक होते. शिवाय मूळ हक्क २८ वर्षांचाच असे आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. छोट्या निर्मात्यांच्या कंपन्या तोवर बहुधा बंद पडलेल्या असत, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज करणारे कोणी उरत नसे. असे चित्रपट सार्वजनिक मालकीचे झाले आणि ज्याच्या हाती प्रत पडेल त्याला ते विकता येऊ लागले. (भारतात १९५७च्या कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यासाठी सूचना छापण्याची अट नाही.)

या नियमाचा सर्वांत मोठा फटका जॉर्ज रोमेरो यांच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) या चित्रपटास बसला. पिट्सबर्ग परिसरात सुमारे १,१४,००० डॉलर्समध्ये तयार झालेल्या या चित्रपटाचे आधीचे नाव नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स असे होते. वितरकाने नाव बदलताना शीर्षकाची नवी पट्टी घातली आणि जुन्या पट्टीवरील प्रताधिकाराची सूचना तीवर आणायची राहून गेली. एवढ्या चुकीने हक्क संपुष्टात आला. चित्रपट जगभर दाखवला गेला, त्याच्या असंख्य प्रती खपल्या. पण निर्मात्यांच्या पदरी त्या मानाने फारच थोडे पडले. मात्र कोणालाही तो मुक्तपणे दाखवता आल्यामुळे त्याची कीर्ती वाढली, हेही नाकारता येत नाही.

उल्लेखनीय चित्रपट

संचातील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणून कार्निव्हल ऑफ सोल्स (१९६२) या चित्रपटाकडे बोट दाखवावे लागेल. दिग्दर्शक हर्क हार्वे हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे शैक्षणिक व औद्योगिक माहितीपट बनवत. युटामधील ग्रेट सॉल्ट सरोवराकाठी ओस पडलेला सॉल्टएअर हा करमणूक-महाल त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यातून कथेची कल्पना सुचली. सुमारे ३३,००० डॉलर्स हा खर्च त्या काळीही किरकोळच होता. पुलावरून नदीत कोसळलेल्या मोटारीतून वाचलेली एक तरुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी धरते आणि एक पांढुरका चेहरा तिचा पाठलाग करू लागतो, एवढेच कथानक आहे. तो चेहरा खुद्द हार्वे यांचाच. पार्श्वसंगीतही केवळ ऑर्गनचे. नेपथ्याला पैसा नसल्याने निवडलेली ओसाड जागा हीच चित्रपटाची खरी नायिका ठरते. हार्वे यांनी दुसरा कथापट केला नाही.

व्हिन्सेंट प्राइस यांचे चित्रपटही संचात आहेत. विल्यम कॅसल यांच्या हाउस ऑन हाँटेड हिल (१९५९) या चित्रपटाच्या खेळात काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेने सांगाडा सोडला जाई. रिचर्ड मॅथेसन यांच्या आय ॲम लेजंड (१९५४) या कादंबरीवर आधारित द लास्ट मॅन ऑन अर्थ (१९६४) याचे चित्रीकरण रोममध्ये झाले. पटकथेवर नाखूश असलेल्या मॅथेसन यांनी श्रेयनामावलीत टोपणनाव वापरले. रोमेरो यांनी याच कादंबरीपासून प्रेरणा घेतली होती, त्यामुळे हा चित्रपट व नाइट ऑफ द लिव्हिंग डेड लागोपाठ पाहणे अभ्यासकांस उपयुक्त ठरते. हैतीच्या पार्श्वभूमीवरील व्हाइट झॉम्बी (१९३२) हा झॉम्बी या विषयावरील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. रोमेरो यांच्या चित्रपटात मात्र हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.

रॉजर कॉर्मन यांच्या द लिटल शॉप ऑफ हॉरर्स (१९६०) याचे मुख्य चित्रीकरण अवघ्या दोन दिवसांत उरकले. तरीही त्यातील विनोद आजही ताजा वाटतो.

फसलेले चित्रपट

टेक्सासमध्ये एकाच निर्मात्यांनी केलेले द किलर श्रूज आणि द जायंट गिला मॉन्स्टर (दोन्ही १९५९) जोडीने प्रदर्शित झाले. पहिल्यात महाकाय चिचुंद्र्यांच्या भूमिका कुत्र्यांना केसाळ आवरणे चढवून करवून घेतल्या आहेत. ते शेपट्या हलवत धावत येतात, तेव्हा भीती वाटणे अवघडच. तरीही बेटावर अडकलेली माणसे उपडे ड्रम एकत्र बांधून, त्यांच्याखाली दडून किनारा गाठतात, हा शेवटचा प्रसंग खरोखर चांगला रंगला आहे. दुसऱ्या चित्रपटात एक साधा सरडा खेळण्यातल्या मोटारी व आगगाडीवर सोडलेला आहे. राक्षस दाखवण्याची ऐपत नसताना तो दाखवण्याचा हट्ट दोन्ही चित्रपटांना महागात पडला.

कोलमन फ्रान्सिस यांचा द बीस्ट ऑफ युका फ्लॅट्स (१९६१) त्याहून खालच्या पायरीवर आहे. चित्रीकरण ध्वनीविना झाल्याने पात्रे बोलतात ती बहुधा पाठमोरी किंवा चौकटीबाहेर असताना, आणि उरलेली जागा असंबद्ध निवेदनाने भरून काढली आहे. लांबी एक तासाहूनही कमी असली, तरी तो संपता संपत नाही. मोनोग्राम कंपनीसाठी बेला लुगोसी यांनी केलेले द कॉर्प्स व्हॅनिशेस (१९४२) आदी चित्रपट केवळ त्यांच्या अभिनयासाठी पाहावेत.

प्रतींची अवस्था

सार्वजनिक मालकीच्या चित्रपटांच्या स्वस्त प्रती बहुधा दूरचित्रवाणीसाठी वापरलेल्या जुन्या फितींवरून काढलेल्या असतात. त्यामुळे ओरखडे, गढूळ काळोख, खरखरता आवाज हे दोष या संचातही जाणवतात. छायाप्रकाशावर उभारलेल्या नोस्फेराटू (१९२२) यासारख्या मूकपटाचे यात विशेष नुकसान होते. नाइट ऑफ द लिव्हिंग डेड याची मूळ निगेटिव्हवरून सुधारलेली प्रत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये दाखवली. केवळ संचातील प्रत पाहिलेल्यांना तीत अनेक दृश्यांचे तपशील प्रथमच दिसतात.