गुडघा बदलण्याआधी दारूचं विचारा

जागतिक डिलिरियम जागृती दिनाच्या निमित्ताने बरंच छापून आलं, पण चंद्रपूर-गडचिरोलीसाठी सगळ्यात कळीचा मुद्दा त्यात नव्हता. गुडघा बदललेला म्हातारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरळू लागला, सलाईन उपसू लागला की घरचे म्हणतात, भूल बाधली. पण खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरच्या २०२१ आणि २०२२ च्या दोन मोठ्या चाचण्यांत पूर्ण भूल आणि पाठीतलं इंजेक्शन यांत अशा भ्रमाच्या (डिलिरियमच्या) बाबतीत ठळक फरक दिसला नाही. ऑपरेशन वेगळं असलं, तरी सगळा दोष भुलेवर टाकून खऱ्या कारणाचा शोध थांबवू नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदीच्या जिल्ह्यातला माणूस डॉक्टरांपुढे मोहाच्या दारूचं नाव सहसा काढणार नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की दोन-चार दिवसांत हातापायांना कंप सुटतो, भास होतात. हा भ्रम लोराझेपामच्या जातीच्या औषधांनी आवरावा लागतो. आणि वयामुळे, जंतुसंसर्गामुळे किंवा सोडियम उतरल्यामुळे झालेला भ्रम याच औषधांनी बहुधा वाढतो. म्हणजे लपवलेल्या एका उत्तरावर उपचाराची दिशाच चुकू शकते. खर्ऱ्याचंही विचारायला हवं, तंबाखू तुटल्यानेही माणूस बेचैन होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, असं विचारणं म्हणजे आदिवासींवर संशय घेणं. तसं होऊ नये म्हणूनच हा प्रश्न गावच्या पाटलापासून निवृत्त गुरुजींपर्यंत प्रत्येकाला, एकांतात विचारावा आणि उत्तर उपचारापुरतंच राहील याची हमी द्यावी. दुसरा आक्षेप, बहुतेक भ्रमिष्ट रुग्ण दारू पिणारे नसतात. अगदी खरं. त्यांच्यासाठी मात्र याहून साधे उपाय आहेत. येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते ऑपरेशनचे रुग्ण नव्हते. पण चष्मा, ऐकण्याचं यंत्र, पाणी, रात्रीची झोप, चालवणं आणि वेळ-ठिकाणाची आठवण करून देणं एवढ्यावर भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. भामरागडहून नागपूरला नेलेल्या, माडिया बोलणाऱ्या आजीला आज कोणता वार, हे मराठीत विचारून काय कळणार? गप्प पडून राहणारा भ्रम तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आजी शांत आहे असंच सगळे समजतात. तो ओळखेल तिच्या बोलीत बोलणारी लेक किंवा नात, आणि रात्री आठ वाजता वॉर्डाबाहेर काढतात ते नेमकं तिलाच. निदान पहिल्या तीन रात्री तिला खाटेपाशी राहू द्यावं, हा नियम करायला रुग्णालयाला कुठलं नवं यंत्र घ्यावं लागत नाही.