नळीला एकच आधार: एआर-१५ रायफलवर फ्री-फ्लोट हँडगार्ड

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे मैदान आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय रायफल स्पर्धा भरते. सर्व्हिस रायफल या प्रकारात नेमबाज ६०० यार्डांवरच्या लक्ष्यावर झोपून गोळ्या झाडतो. दहा गुणांचे वर्तुळ १२ इंच व्यासाचे, आणि त्याच्या पोटातले एक्स वर्तुळ ६ इंचांचे. एवढ्या अंतरावर नेम कोनाच्या एका मिनिटाने हलला, तर गोळी सुमारे ६ इंच सरकते. दहाच्या मध्यापासून दहाच्या कडेपर्यंतचे अंतर तेवढेच आहे. अशा ठिकाणी नळीवर पडणारा थोडासा ताणही गुणफलकावर दिसतो, आणि जुन्या धाटणीच्या एआर-१५ रायफलवर तो ताण नेमबाज स्वतःच्या हाताने देत असतो.

त्यासाठी मूळ रचना समजून घ्यावी लागते. एम-१६ए२ पद्धतीच्या रायफलवर हँडगार्ड म्हणजे प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग. त्यांची मागची बाजू स्प्रिंगवर दाबलेल्या कड्यात अडकते. पुढची बाजू नळीवर बसवलेल्या पातळ टोपीत जाते. पट्टा अडकवायची कडी तर समोरच्या माशीच्या बैठकीलाच असते, आणि ती बैठक नळीवर पिनांनी ठोकलेली असते. झोपून नेम धरताना नेमबाज पट्टा दंडावर घट्ट आवळतो. तो ताण सरळ नळीच्या पुढच्या भागावर येतो, नळी अगदी किंचित वाकते आणि गोळी खाली जाते. उभ्याने झाडताना पट्टा वापरत नाहीत, तेव्हा तीच रायफल वेगळ्या जागी मारते. हात कुठे धरला, पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर कसा टेकला, प्लॅस्टिक किती तापले, यातला प्रत्येक बदल नळीपर्यंत पोचतो.

गोळी नळीतून जाताना नळी थरथरते. ही थरथर कोणत्याही रायफलमध्ये थांबवता येत नाही, आणि थांबवायची गरजही नसते. ती दर गोळीला सारखी असली की पुरे. वाजत्या घंटेला कधी इथे, कधी तिथे बोट टेकवले तर नाद दर वेळी वेगळा येतो. नळीचेही तसेच होते. म्हणून फ्री-फ्लोट रचनेत हँडगार्ड नळीला कुठेच शिवत नाही. नळीला धरणारे मागचे नट रिसीव्हरवर, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यावर, आवळलेले असते, आणि हँडगार्ड त्या नटाला किंवा रिसीव्हरला पकडून पुढे मोकळा उभा राहतो. नळीवर राहतात ते फक्त नळीतला गॅस वळवून घेणारा गॅस ब्लॉक, तो मागे नेणारी गॅस ट्यूब आणि तोंडावरचे साधन. हात, पट्टा किंवा टेकू बदलला तरी यांचा भार बदलत नाही.

हे तत्त्व एआर-१५पुरते नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात गुडघ्यावर आणि झोपून झाडताना पट्टा वापरतात, उभ्याने वापरत नाहीत. स्पर्धेच्या .२२ रायफलींवर पट्टा दस्त्याखालच्या पट्टीला अडकतो, नळीला नाही. त्यामुळे स्थिती बदलली तरी नळीवरचा ताण बदलत नाही.

अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. सामान्य नळी फ्री-फ्लोट केल्याने उत्तम नळी होत नाही. वाळूच्या पिशवीवर शांतपणे झाडलेल्या गोळ्यांचा गट थोडाच लहान होईल, कधी होणारही नाही. खरा फायदा असा, की धरण्याची पद्धत बदलली तरी गटाची जागा बदलत नाही. मला हाच फायदा मोठा वाटतो, कारण सर्व्हिस रायफल स्पर्धेत कोणी पिशवीवरून झाडत नाही.

निवडताना पहिला प्रश्न लांबीचा, आणि तो गॅस ब्लॉकला विचारायचा. कार्बाइन, मिड आणि रायफल या गॅस प्रणालींत नळीवरचे गॅसचे छिद्र वेगवेगळ्या अंतरावर असते. मूळ उंच माशीची बैठक, जी गॅस ब्लॉकचेही काम करते, ठेवायची असेल, तर हँडगार्ड तिच्या मागेच संपला पाहिजे. त्याहून लांब हवा असेल, तर बैठक काढून तिच्या जागी बुटका गॅस ब्लॉक बसवावा लागतो, आणि तो आतल्या पोकळीत कुठेही न घासता मावला पाहिजे. अनेक खरेदीदार बाहेरची लांबी पाहतात आणि आतला व्यास विसरतात. सर्व्हिस रायफल स्पर्धेत रूढ झालेला मार्ग वेगळा आहे: बाहेरून मूळ हँडगार्डसारखेच दिसणारे आवरण, आत लपलेली धातूची नळकांडी, आणि पट्ट्याची कडी त्या नळकांडीला.

दुसरा प्रश्न पकडीचा. हँडगार्ड नटावर किती लांब बसतो, त्याला किती स्क्रू आवळतात, आणि फिरू नये म्हणून रिसीव्हरला टेकणारे कान आहेत का, हे पाहा. दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर हँडगार्ड किंचित लवचिक असला तरी चालते. पण समोरची माशी किंवा लेझर हँडगार्डवर लावायचा असेल, तर तो वाकला की नेमही वाकतो. अशा वेळी हलकेपणापेक्षा ताठपणाला पैसे द्यावेत.

जोडण्यांच्या पद्धतींवर फार वेळ घालवायला नको. पिकॅटिनी पट्टीचे प्रमाण १९९५ चे, दणकट पण जड आणि हाताला टोचणारे. कीमॉड २०१२ मध्ये आले, एम-लॉक २०१४ मध्ये. अमेरिकी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने या पद्धतींच्या चाचण्या घेतल्या आणि २०१७ च्या अहवालात एम-लॉक सरस ठरले. आज नवे घ्यायचे तर एम-लॉकच घ्यावे.

आता बसवणे. मॅगझिन आधी काढा, मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफलचे वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगळे करा. काम फक्त वरच्या भागावर आहे. बोल्ट, तो ज्यात बसतो तो कॅरिअर आणि चार्जिंग हँडलही बाहेर काढा.

जुन्या बैठकीच्या पिना निमुळत्या असतात, म्हणून त्या एकाच बाजूने निघतात. बारीक टोक शोधून तिकडून पंचाने ठोका. उलट बाजूने ठोकल्या तर त्या आणखी घट्ट रुतून बसतात. बैठकीबरोबर गॅस ट्यूबही पुढे निघून येते.

मग नट. इथे घाई करणाऱ्याचा रिसीव्हर पिळवटतो. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असतो आणि नटाचा जोर त्याच्या खाचेत बसलेल्या नळीच्या पिनेवर येतो. म्हणून व्हाइसमध्ये उघडा रिसीव्हर कधी धरू नये. नळीच्या मागच्या दात्यांत अडकणारा दांडा वापरावा, किंवा रिसीव्हरला आतून-बाहेरून आधार देणारा ठोकळा. जुने नट सैल झाले की नळी बाहेर येते. रिसीव्हरचे आटे स्वच्छ पुसा आणि त्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस लावा. ग्रॅफाइट असलेले ग्रीस नको. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ग्रॅफाइट आले की गंज लवकर धरतो.

सैन्याच्या पद्धतीत मूळ नट आधी ३० फूट-पौंडांपर्यंत आवळतात, सैल करतात, आणि हे एकूण तीनदा करतात. त्याने आटे एकमेकांत नीट बसतात. शेवटी नट इतकेच पुढे नेतात, की त्याच्या दात्यांमधली फट गॅस ट्यूबच्या छिद्रासमोर येईल. ८० फूट-पौंडांच्या वर जायचे नाही. फट जुळत नसेल तर जोर वाढवू नका, पातळ चकती घाला. पुष्कळ फ्री-फ्लोट हँडगार्डांचे नट बारीक असते आणि ट्यूब त्याच्या वरून जाते, त्यामुळे ही जुळणी लागतच नाही. तिथे निर्मात्याने दिलेला आकडा पाळा.

गॅस ब्लॉक बसवताना एक बारीक गोष्ट सुटते. जुनी टोपी नळीच्या खांद्यावर बसत होती. ती गेली, म्हणून ब्लॉक खांद्याला पूर्ण टेकवला तर त्याचे छिद्र नळीच्या छिद्राच्या मागे पडते. टोपीच्या जाडीएवढी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, फट ठेवावी लागते. काही ब्लॉक ही जागा धरूनच बनवलेले असतात, म्हणून आधी मोजा. मग ट्यूब बारीक पिनेने ब्लॉकमध्ये पक्की करा, आणि बोल्ट काढलेला कॅरिअर हाताने मागेपुढे सरकवा. तो ट्यूबच्या टोकाला घासत असेल तर ट्यूब हाताने जरा वळवा. घासत असताना रायफल चालवू नका.

आता हँडगार्ड सरकवा. वरची पट्टी रिसीव्हरच्या पट्टीशी सरळ आहे का, हे पोलादी मोजपट्टी आडवी ठेवून पाहा. स्क्रू आलटून पालटून, थोडेथोडे आवळा. त्यांचे आकडे इंच-पौंडांत असतात. इंच-पौंड आणि फूट-पौंड यांत बारापटीचा फरक आहे, म्हणून नटाचा टॉर्क पाना इथे वापरू नका.

मग नळी आणि हँडगार्ड यांच्या मधून कागदाची पट्टी मागपर्यंत ओढून पाहा. ती गॅस ब्लॉकभोवतीही फिरली पाहिजे. नळी काढून बसवली, म्हणजे जुने शून्यांकन गेले. मैदानावर आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. ते सुटल्यावर बोल्ट मागे अडकून राहिला, तर गॅसचा मार्ग बहुधा जुळला आहे. अडकला नाही तर ब्लॉक पुन्हा उघडा.

पट्ट्याची कडी हँडगार्डला लावा आणि नेम नव्याने जुळवा. नंतर पिशवीवर टेकवून एक गट झाडा, आणि दुसरा झोपून, पट्टा पूर्ण ताणून. दोन्ही गटांचे मध्य एकमेकांवर आले पाहिजेत. दुसरा गट अजूनही खाली उतरत असेल, तर रायफल रिकामी करा, पट्टा तसाच ताणलेला ठेवा, आणि कागदाची पट्टी पुन्हा एकदा गॅस ब्लॉकखालून ओढा. मोकळी सोडल्यावर जी फट दिसते, ती ताणाखाली तिथेच मिटते.