राखेने जपलेला पाणवठा

जीवाश्म म्हटले की संग्रहालयातील काचेची कपाटे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ‘अ‍ॅशफॉल’ हे जीवाश्मस्थळ मात्र याला अपवाद आहे. येथे प्राणी जेथे कोसळले, तेथेच त्यांचे सांगाडे पाहावयास मिळतात.

सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आजच्या आयडाहो राज्याच्या परिसरात ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख वाऱ्याबरोबर सुमारे १,६०० किलोमीटर दूर नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशावर पसरली. ही राख म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म, धारदार कण होत. चरताना ते प्राण्यांच्या फुप्फुसांत शिरले. व्याकूळ झालेले प्राणी एका पाणवठ्यावर जमले व तेथेच मरण पावले. उडत येणाऱ्या राखेने त्यांचे देह झाकले गेले.

या घटनेचा क्रम थरांवरून उलगडतो. तळाशी कासवे व पक्षी, त्यावर घोडे व उंट आणि सर्वांत वर आखूड पायांचे गेंडे आढळतात. म्हणजे लहान प्राणी आधी, तर मोठे नंतर दगावले. अनेक हाडांवर फुप्फुसांच्या विकारामुळे होणारी अस्वाभाविक वाढही दिसते. हाडांची जागा व थर यांची नोंद न ठेवता ती उचलली गेली असती, तर हा क्रम कधीच कळला नसता.

१९७१ साली पुराजीवशास्त्रज्ञ मायकेल व्हूरहीस यांना येथील घळीत गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली. १९७८-७९ मधील उत्खननात मिळालेले सांगाडे संग्रहालयात नेण्यात आले. पुढे उर्वरित सांगाडे जागेवरच ठेवून त्यांवर छप्पर उभारण्यात आले आणि १९९१ मध्ये हे स्थळ जनतेस खुले झाले. उन्हाळ्यात संशोधक राख बाजूला सारीत असताना पर्यटकांना ते काम जवळून पाहता येते.

ज्वालामुखीच्या इतिहासाशी निगडित असा ठेवा भारतातही आहे. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे दख्खनच्या लाव्हारसाच्या काळातील वृक्षांचे जीवाश्म असून १९८३ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध केला. तथापि, केवळ कायद्याने हे जतन साधणार नाही. शेतात वा नाल्यात आगळा दगड दिसताच तो घरी न नेता जागेवरच ठेवून तज्ज्ञांना कळविणे, ही सवय गावोगावी रुजली पाहिजे. जागेवरून हललेला जीवाश्म टिकतो. त्याची कहाणी मात्र हरवते.