गाड्या पाहायला कर्जतला चला

एखादे मूल आगगाडीचे वेडे असले की घरात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. पुलावरून जाताना ते थांबणार, खालून गाडी गेल्याशिवाय हलणार नाही, डबे मोजणार आणि घरी आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर इंजिन काढणार. पाहुण्यांना याचे कौतुक वाटते, आईवडिलांना मात्र थोडी धास्ती. अभ्यास सोडून हा काय नाद! इंग्लंडमध्ये हा नाद चांगल्या मोठ्या माणसांनाही असतो. वही-पेन्सिल आणि जेवणाचा डबा घेऊन ही मंडळी एखाद्या जंक्शनवर अख्खा दिवस काढतात. आपल्याकडे या छंदाला सुटसुटीत नाव नाही, पण तो पुरवायला जागा भरपूर आहेत. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत ही त्यांतली एक उत्तम जागा.

पुढे नव्हे, मागे पाहा

कर्जत मुंबईहून सुमारे १०० किलोमीटर. इथून एक फाटा खोपोलीला जातो, एक मार्ग पनवेलकडे वळतो आणि मुख्य मार्ग सरळ घाट चढून लोणावळ्याला. खरी मौज आहे ती या घाटाच्या मार्गावर.

कर्जत ते लोणावळा हे अंतर जेमतेम २८ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडीला सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठायची असते. घाटातला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण वीस डब्यांची गाडी अशा चढावर उभी केली, तर तिचे तोंड शेपटापेक्षा चार मजली घराइतके उंच असते! एवढे वजन पुढच्या एका इंजिनाला ओढवत नाही. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना कर्जतला मागून आणखी दोन किंवा तीन इंजिने लावतात. त्यांना म्हणतात बँकर.

ही जादा इंजिने पुढेच का जोडत नाहीत, असे मुले हमखास विचारतात. सारा भार पुढून ओढला, तर डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर फार ताण येतो. आणि समजा कपलिंग तुटलेच, तर मागचे डबे उताराने सुसाट खाली यायचे. मागे इंजिने असली की ढकलणेही होते आणि राखणही.

तेव्हा गाडी फलाटाला लागली की सगळे पुढच्या इंजिनाकडे धावतात, तसे तुम्ही धावू नका. फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. बाजूला थांबलेली बँकरांची जोडी संथपणे मागून येते, शेवटच्या डब्याला हलकेच टेकते, भोंग्यांची देवाणघेवाण होते आणि मग अख्खी गाडी मागून रेटा बसल्यासारखी निघते. सारा खेळ काही मिनिटांचा. या थांब्यानेच कर्जतच्या बटाटेवड्याला नाव मिळवून दिले, हेही विसरायला नको!

हे दृश्य कायम राहीलच असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली वाटून बसवलेल्या आहेत. काही गाड्या पुढे एक आणि मागे एक असे इंजिन लावूनही धावल्या आहेत. मुलांना बँकर दाखवायचे असतील, तर उगाच पुढच्या वर्षावर ढकलू नका.

घाट कोणी बांधला?

जाण्याआधी मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. घाट होण्यापूर्वी गाडी खोपोलीला संपायची. प्रवासी पालखीतून वा पायी घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. हा घाट बांधताना कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट मायदेशी परतून सोडून दिले नाही. इंजिनिअर नेमून तिने काम पुढे चालवले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. शाळेच्या पुस्तकात हे नाव सहसा भेटत नाही.

बेत कसा आखाल?

रविवार टाळा. मुंबईच्या लोकलचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो आणि भटक्यांची गर्दीही त्याच दिवशी. शनिवार बरा. मुंबईहून कर्जत लोकलला सुमारे दोन तास लागतात, म्हणून पहाटेची लोकल धरा. सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या एकामागून एक येतात. वेळापत्रक बदलत असते, तेव्हा आदल्या रात्री रेल्वेच्या चौकशी सेवेवर ते पडताळून वहीत उतरवा. हे काम मुलाकडेच द्या.

एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात. प्रवास संपला की प्रवासाच्या तिकिटावर फलाटावर दिवसभर बसता येत नाही, आणि फलाट तिकीट चालते फक्त दोन तास. त्यामुळे दोन तास गाड्या पाहाव्यात, दुपारी पळसदरीवरून खोपोलीची लोकल करून यावे आणि परतल्यावर पुन्हा फलाट तिकीट काढावे. घाट प्रत्यक्ष चढायचा असेल तर लक्षात ठेवा, कर्जत-लोणावळा लोकल नाही. मेल-एक्स्प्रेसचेच तिकीट काढावे लागते.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाट देखणा असतो खरा, पण दरडींचा नेम नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलजवळ मार्गाचे इतके नुकसान झाले की अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या. माथेरानची छोटी गाडी जोडून पाहायची असेल तरीही थंडीच बरी, कारण पावसाळ्यात ती नेरळहून वर जात नाही.

वहीत काय लिहायचे? इंजिनावर अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. शिवाय इंजिन ज्या शेडचे असते, तिचे नावही रंगवलेले असते. एका सकाळीत मुलाला किती गावांची नावे मिळतात, ते पाहाच. भूगोलाच्या तासाला तेवढी मिळणार नाहीत.

आता थोडे कडक बोलणे. फलाटाची पिवळी पट्टी ओलांडायची नाही. दोन रुळांच्या मध्ये उभे राहून फोटो काढणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे विजेवर धावणारी गाडी जवळ येईपर्यंत फारसा आवाज करत नाही. घाटातून उतरून आलेली मालगाडी तर तुमच्यासाठी पटकन थांबूच शकत नाही. पलीकडे जायला पूलच वापरा. छत्री किंवा लांब काठी उंच धरू नका, वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची वीज असते. मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. दहा वर्षांखालच्या मुलाचा हात फलाटाच्या टोकाला एका मोठ्या माणसाच्या हातात असलाच पाहिजे. त्या माणसाने त्या वेळी मोबाईल खिशात ठेवावा.

नाशिककरांना हाच खेळ कसारा-इगतपुरीच्या घाटात पाहायला मिळतो आणि गोवा-बेळगावकडच्यांना कुळ्याला. तिथेही चढ ३७ ला १ चाच आहे.

मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटणारी डेक्कन क्वीन पाहूनच निघायचे, असा हट्ट मुले धरतात. गाडी १९३० पासूनची, हट्ट रास्तच. फक्त थंडीत ती कर्जतला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, तेव्हा स्वेटर बरोबर ठेवा आणि परतीच्या लोकलची वेळ सकाळीच पाहून ठेवा.