तोरणमाळच्या घाटात इंपाला

आमची १९६५ ची शेव्हर्ले इंपाला नंदुरबारच्या गल्लीत वळली की आयाबाया मिरच्यांचे वाळवण घाईघाईने आवरून घेतात. जवळजवळ अठरा फूट लांबीचे धूड ते! वैशाखात पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि बाईसाहेब रस्त्यात बसतात. मग पेट्रोल-पंपाच्या डबीवर ओले फडके. "माझ्या तापात इतकी सेवा नाही झाली," असे सौ. म्हणते.

पण गेल्या दिवाळीत तोरणमाळहून उतरताना माझी थट्टा जिरली. गाडीत सासूबाई आणि मुले. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सारखे दाबले की तापतात आणि पकड सोडतात. एका वळणावर पेडल दगडासारखे घट्ट, गाडी मात्र थांबेना! आपोआप बदलणारे गिअर या गाडीला दोनच. दांडा ओढून खालच्यात टाकला. इंजिन गुरगुरले, वेग उतरला. कशीबशी डोंगराच्या अंगाला लावली. थोरला पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावला; त्याला अडवले, तापलेला ड्रम पाण्याने तडकतो.

"जावईबापू, का थांबलात?"

"देखावा पाहायला."

सासूबाईंनी तासभर पाहिला.