कुठं दुखतंय, माय?

वाशीम म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला वाकाटकांचे वत्सगुल्म आठवते. इंग्रजी कागदपत्रांत याच गावाचे ‘बासिम’ झाले. पाहुण्याला गावकरी अगत्याने बालाजीचे देऊळ दाखवतात. मी पडलो मराठीचा मास्तर. मला या गावाची ओढ आहे ती एका दवाखान्यासाठी, आणि त्याहून अधिक, तिथे रोज विचारल्या गेलेल्या एका साध्या प्रश्नासाठी.

1936 साली ऑर्फा स्पायकर नावाची एक अमेरिकन डॉक्टरीण हिंदुस्थानात आली. चर्च ऑफ द नाझरीन या पंथाने तिला पाठवले होते. वाशीमला मिशनच्या मुलींच्या शाळेची जुनी इमारत होती. तिथे 1938 मध्ये तिने रुग्णालय सुरू केले. नाव पडले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. पुढे तिथेच परिचारिकांचे शिक्षणही होऊ लागले. बाई निवृत्त झाल्या 1976 साली. म्हणजे उमेदीची चाळीस वर्षे या मातीत गेली.

आता विचार करा. बैलगाडीत पेंढ्यावर निजवून एखादी बाळंतीण आणली आहे. पुरुष डॉक्टरला नाडीदेखील दाखवायची नाही, असा घरचा दंडक. समोर गोरी बाई. तिने आधी काय करावे? औषधाची बाटली नंतर, आधी विचारायला हवे, “कुठं दुखतंय, माय?” आणि विचारून भागत नाही, उत्तर कळले पाहिजे. जीव घाबरा होतो, पोटात कालवते, हातपाय गळतात, लेकराच्या अंगात कसर आहे! शब्दकोशात ‘कसर’ म्हणजे उणीव, हिशेबातली तूट, फार तर कापडाला लागणारी कीड. आईच्या तोंडी मात्र ती लेकराच्या अंगातली बारीक कणकण असते. ही कसर ज्याला कळली, त्याला मराठी आली असे मी समजतो. एम. ए.च्या वर्गात ती शिकवता येत नाही.

म्हणूनच मराठी मुलुखात येणाऱ्या मिशनऱ्याला आरंभीचा बराच काळ भाषा शिकण्यात घालवावा लागे. त्यांच्या मंडळींत पास्टरला सुंदर मराठी शब्द रूढ झाला : ‘पाळक’. आडगावी पाळकाचे काम रविवारच्या उपासनेने संपत नाही. दुखणेकऱ्याच्या उशाशी बसायचे, लग्नाला उभे राहायचे, मर्तिकाला खांदा द्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हटले की पावसापाण्यातून यायचे. गुरे पाळतात, तसा शब्दही पाळतात.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1956 पर्यंत वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने 1954 साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. 1956 च्या अहवालात तिने शाळा, दवाखाने व अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका ठेवला. मिशनवाल्यांना तो मान्य नव्हता. वाद अजून मिटलेला नाही. मला एवढेच वाटते : अंथरुणाला खिळलेला माणूस ‘नाही’ म्हणायला मोकळा नसतो. त्याची सेवा करताना त्याच्याकडून काहीही, अगदी देवसुद्धा, मागू नये. ही कसोटी मिशनला लावावी, तशीच आपल्या मठांना, पक्षांना आणि देणगीदारांनाही.

मात्र ठपका ठेवून झाल्यावर एक प्रश्न आपल्यासाठी उरतो. वऱ्हाडच्या उत्तर टोकाला मेळघाट. तिथल्या कोरकूंची भाषा मराठीच्या गोत्रातली नाही. ती संताळी-मुंडारीची बहीण. तिचे व्याकरण 1903 साली छापून आले, ते जॉन ड्रेक या मिशनऱ्याचे. अमरावती, अकोला इथून तो डोंगर किती दूर? आपल्यात पंडित का कमी होते? पण कोरकू आईचे दुखणे तिच्या शब्दांत ऐकावे, असे आपल्यापैकी फारसे कोणाच्या मनात आले नाही. धर्म वाढवण्याच्या हेतूने का होईना, तो माणूस त्यांच्या अंगणात बसला. आपण निर्हेतुक राहिलो, आणि घरीच राहिलो.

सुदैवाने कथा इथे संपत नाही. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, आणि प्रथम माडिया भाषा शिकले. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी ठाण मांडले. इथे कोणाला कोणत्याही पंथात न्यायचे नव्हते. तरी सुरुवात तीच : आधी राहा, मग ऐका, मग औषध द्या.

दिवाळीत आपल्या घरी फराळाची ताटे इकडून तिकडे जातील. त्या गडबडीत भांडी घासणाऱ्या बाईचा चेहरा उतरलेला दिसला, तर पोस्त हातावर ठेवून मोकळे होऊ नका. क्षणभर थांबा आणि विचारा, “कुठं दुखतंय, माय?” मग उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.